सहाशे आणि सात

डिसेंबर १८५४. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या आइल ऑफ वाइट या बेटावर, फॅरिंगफर्ड नावाच्या घरात राजकवी आल्फ्रेड टेनिसन यानं 'टाइम्स'मधला क्रिमियाच्या युद्धाचा वृत्तान्त वाचला. घोडदळाच्या एका तुकडीला चुकीचा हुकूम गेला आणि ती थेट तोफांच्या तोंडी गेली, अशी ती हकिकत होती. कुणाची तरी घोडचूक झाली, अशा अर्थाचे काही शब्द त्याच्या डोक्यात अडकून बसले. त्या शब्दांना एक ठेका होता. २ डिसेंबरला त्यानं अवघ्या काही मिनिटांत कविता लिहून काढली आणि ९ डिसेंबरला ती 'एक्झॅमिनर' या साप्ताहिकात छापूनही आली. 'द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड' ती हीच. कवितेचं वृत्त त्या चुकीबद्दलच्या शब्दांतूनच निघालं, अशी नोंद टेनिसनच्या मुलानं वडिलांच्या चरित्रात केली आहे.

एक अडचण मात्र होती. वर्तमानपत्राच्या पहिल्या बातमीत ६०७ तलवारींचा उल्लेख होता, म्हणून कवितेत 'सहाशे' आले. पुढे स्वार सातशेच्या घरात होते असं कानावर आलं. आकडा दुरुस्त करायचा का? टेनिसननं संपादक जॉन फॉर्स्टर याला कळवलं की वृत्ताच्या दृष्टीनं सहाच बरे, तेच राहू द्या. इंग्रजीत 'सिक्स' हा एका ठोक्याचा शब्द आहे आणि 'सेव्हन'ला दोन ठोके लागतात. कवितेचं प्रत्येक कडवं ज्या शब्दांवर येऊन थांबतं, तिथे तो जादा ठोका लावला असता तर घोडा अडखळला असता. आज इतिहासकार हा आकडा ६६० ते ६७० असा धरतात. म्हणजे सहाशे आणि सातशे दोन्ही चूकच. पण जगाच्या लक्षात राहिले ते सहाशे, कारण ते मोजदादीतून नाही, तर वृत्तातून आले होते.

लढाईची कविता लिहिणाऱ्यानं छंद, यमक, पुनरुक्ती यांची उठाठेव का करावी, हा प्रश्न अनेकांना पडतो. माणसं मरत असताना यमकं कसली जुळवता? प्रश्न रास्त आहे. पण नीट पाहिलं तर लढाईच्या बऱ्याच कवितांत खरी हकिकत शब्दांपेक्षा तालातच असते. काय झालं हे वर्तमानपत्र सांगतंच. वाचणाऱ्याच्या छातीत ते कसं धडधडावं, हे ठरवतो तो ताल. आणि तो निष्पक्ष नसतो.

लाइट ब्रिगेडची ती दौड क्रिमियातल्या बालाक्लाव्हाला झाली. तिथे काय घडलं ते आधी पाहू. २५ ऑक्टोबर १८५४. इंग्रज सेनापती लॉर्ड रॅग्लन उंच टेकाडावर होता. तिथून त्याला दिसलं की रशियन सैनिक टेकड्यांवरच्या मोर्चांमधून काबीज केलेल्या तोफा ओढून नेताहेत. त्या नेऊ देऊ नका, असा हुकूम त्यानं धाडला. कॅप्टन नोलन नावाचा अधिकारी कागद घेऊन भरधाव खाली आला. घोडदळाचा प्रमुख लॉर्ड लुकन खोलगट भागात उभा होता. त्याला त्या तोफा दिसतच नव्हत्या. कुठल्या तोफा, असं त्यानं विचारलं तेव्हा नोलननं हात केला तो दरीच्या टोकाकडे, जिथे रशियनांचा मुख्य तोफखाना होता. लुकननं हुकूम लॉर्ड कार्डिगनला दिला. हे दोघे एकमेकांचे मेहुणे आणि त्यांचं एकमेकांशी मुळीच पटत नव्हतं. उलटतपासणी कुणी केली नाही. हलक्या घोडदळाच्या पाच पलटणी सुमारे दोन किलोमीटरच्या दरीतून निघाल्या. समोर तोफा, डाव्या टेकडीवर तोफा, उजव्या टेकडीवर तोफा. नोलन सुरुवातीलाच मारला गेला, त्यामुळे त्या हाताच्या इशाऱ्याचा खुलासा कायमचा राहून गेला. शंभराहून अधिक स्वार कामी आले आणि घोडे तर त्याच्या कितीतरी पट.

आता वृत्त. शाळेत 'यमाताराजभानसलगा' घोकलेल्या वाचकाला ते समजायला इंग्रजी छंदशास्त्र उघडावं लागत नाही. त्या सूत्रातला 'भानस' घ्या: एक गुरू, दोन लघू. हा भगण. आपल्याकडे दोधक वृत्तात असे तीन भगण लागोपाठ येतात. इंग्रजीत गुरू-लघूऐवजी आघात असलेले आणि नसलेले ठोके मोजतात, पण चाल तीच पडते: एक जोरकस, दोन हलके. धाड-तड-तड, धाड-तड-तड. टेनिसननं ओळी मुद्दाम आखूड ठेवल्या, एका ओळीत असे दोनच गण. त्यामुळे वाचणाऱ्याला दम घ्यायला जागाच मिळत नाही. भरधाव घोड्याच्या टापा अशाच पडतात, हे कुणी समजावून सांगण्याआधी कानाला कळलेलं असतं.

यमकांची त्याची तऱ्हा आणखी वेगळी. ती ठरावीक अंतरानं येत नाहीत. मध्येच तीन-चार ओळी एकामागून एक एकाच यमकावर आदळतात, जणू तोफांचे बार लागोपाठ झाले. मग कडवं पुन्हा 'हंड्रेड'वर येतं. 'थंडर्ड', 'वंडर्ड' असे शब्द त्याला यमक म्हणून येतात. हे यमक पुस्तकी कानाला किंचित ढिलं वाटतं. टेनिसन लिंकनशर परगण्यातला आणि तिथल्या बोलीत 'हंड्रेड' हे 'हंडर्ड' असंच म्हटलं जाई, एवढं लक्षात घेतलं की ते घट्ट बसतं.

पण या कवितेतली खरी कारागिरी पुनरुक्तीत आहे. तिसऱ्या कडव्यात तोफांच्या दिशा सांगितल्या आहेत: उजवीकडे, डावीकडे, समोर. प्रत्येक दिशेला एक ओळ आणि ओळींची बांधणी एकच. पाचव्या कडव्यात त्याच ओळी पुन्हा येतात. उजवीकडे तेच, डावीकडे तेच, फक्त 'समोर'च्या जागी 'मागे' येतं. स्वार परत फिरले आहेत, हे कवीनं एका शब्दाच्या बदलात दाखवलं. कडव्यांच्या शेवटी येणाऱ्या आकड्याचंही तसंच. सुरुवातीला सहाशे दौडत जातात. चौथ्या कडव्याच्या शेवटी ते परततात, पण त्या आकड्याआधी एक नकार उभा आहे: परतले ते सहाशे नव्हेत. पाचव्यात त्यातले उरलेसुरले येतात. शेवटच्या कडव्यात त्याच सहाशेंना मानाचं विशेषण लागतं. म्हणजे पालुपद तेच, पण दर वेळी त्यातली माणसं कमी झालेली. मेलेल्यांची संख्या न सांगता ती जाणवून देण्याची ही युक्ती आहे.

आणि इथेच या कवितेबद्दलची तक्रारही उभी राहते. ताल इतका वेगवान आहे की हुकूम कुणी दिला, का दिला, हे विचारायला तो थांबू देत नाही. स्वारांनी प्रश्न विचारायचे नसतात असं कविता म्हणते, आणि तिचं वृत्त वाचकालाही तीच शिस्त लावतं. चुकीचा उल्लेख आहे, पण यमकाच्या ओघात एका ओळीपुरता, आणि ती चूक करणारा अनाम. रॅग्लन, लुकन, कार्डिगन, नोलन यांच्यापैकी कुणाचंही नाव नाही.

पुढचा किस्सा मजेदार आहे. १८५५ साली कविता पुस्तकात घेताना टेनिसननं मित्रांच्या सल्ल्यावरून ती फिरवली आणि चुकीचा उल्लेखच गाळून टाकला. म्हणजे ज्या शब्दांतून वृत्त जन्मलं तेच काढून टाकले. वाचकांना ते रुचलं नाही. एवढ्यात क्रिमियाच्या आघाडीमागच्या स्कुटारी इथल्या इस्पितळातून एका पाद्र्याचा निरोप आला की इथल्या शिपायांना ही कविता फार आवडते, काही प्रती पाठवता आल्या तर पाहा. टेनिसननं शिपायांसाठी स्वतंत्र पत्रकं छापून घेतली आणि त्यात घोडचुकीची ओळ परत आणली. ज्यांनी ती चूक अंगावर झेलली होती त्यांच्याकडे ती ओळ गाळून कविता पाठवणं त्याला जमलं नसावं. आज सगळीकडे छापला जातो तो हाच पाठ.

टेनिसनचा स्वतःचा आवाजही शिल्लक आहे. १८९० साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यानं एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यावर ही कविता म्हणून ठेवली. आवाज खरखरीत आहे, शब्द अर्धेच कळतात, ठेका मात्र स्पष्ट ऐकू येतो. त्याच वर्षी लाइट ब्रिगेडमधल्या लँडफ्री नावाच्या बिगुलवाल्यानं हल्ल्याचा इशारा वाजवून दिला, तोही मुद्रित आहे. ही मुद्रणं झाली त्यामागे एक लाजिरवाणी गोष्ट होती: हल्ल्यातून वाचलेले म्हातारे स्वार इंग्लंडमध्ये हलाखीत दिवस काढत होते आणि त्यांच्यासाठी निधी उभा करायचा होता. पोरंटोरं ज्यांच्यावरची कविता तोंडपाठ म्हणत होती, त्यांच्या पोटाची ही अवस्था. त्याच साली रुडयार्ड किपलिंग या पंचविशीही न गाठलेल्या कवीनं उरलेल्या स्वारांवर कविता लिहून राष्ट्राला चांगलंच फटकारलं. किपलिंगकडे पुन्हा यायचंच आहे.

मराठी वाचकाला बालाक्लाव्हाची हकिकत ऐकताना कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लज तालुक्यातली नेसरीची खिंड आठवल्याशिवाय राहत नाही. उमराणीच्या लढाईत कोंडीत सापडलेल्या आदिलशाही सरदार बहलोलखानाला सरनोबत प्रतापराव गुजरांनी सोडून दिलं. खान पुन्हा उलटला. शिवाजी महाराजांचा कडक शब्दांतला ठपका आला. २४ फेब्रुवारी १६७४ या दिवशी प्रतापराव मोजक्या स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि ठार झाले. परंपरा सांगते की त्यांच्याबरोबर सहा जण होते. राज्याभिषेकाला तेव्हा चार महिनेही उरले नव्हते.

या प्रसंगावरची कुसुमाग्रजांची 'वेडात मराठे वीर दौडले सात' ही कविता महाराष्ट्रात बहुतेकांना लता मंगेशकरांच्या आवाजात माहीत आहे. हृदयनाथ मंगेशकरांनी 'शिवकल्याण राजा' या ध्वनिमुद्रिकेसाठी तिला चाल दिली. चाल इतकी अंगात भिनलेली असते की मूळ कवितेची बांधणी बघायचं राहूनच जातं. ती कागदावर पाहायला हवी.

ही कविता गणवृत्तात नाही. मात्रा मोजून ती बांधली आहे. माधव जूलियनांनी 'छंदोरचना' या ग्रंथात आठ मात्रांच्या आवर्तनाला पद्मावर्तनी म्हटलंय, त्या जातीची ही रचना. ओळ सुरू होते ती दोन मात्रांच्या उचलीनं. मग आठ मात्रांचं एक आवर्तन, आठांचं दुसरं, आणि शेवटी चार मात्रांचा एक छोटा तुकडा, ज्यावर ओळ टक्कन थांबते. पालुपदाच्या शेवटी 'सात' हा शब्द नेमका त्या तुकड्यात बसला आहे. उचल, दौड, दौड आणि थांबा. टेनिसनच्या आखूड ओळी धापा टाकायला लावतात. कुसुमाग्रजांची लांब ओळ रिकिबीत पाय घालून निघायला वेळ देते आणि मग एकदम लगाम खेचते.

कडव्यांची रचना तर आणखी कसबाची. मूळ कवितेत आधी ठपक्याचं कडवं येतं, मग दौड. प्रत्येक कडव्यात तीन ओळी आपापल्या यमकाच्या आणि चौथी ओळ पालुपदाच्या 'आत' या यमकाकडे वळणारी. म्हणजे कुठेही गेलात तरी चौथ्या ओळीला 'सात'च्या नादात परतायचं आहे. तो आकडाही शेवटापुरता थांबत नाही. निघताना सरदार सहा मोजले आहेत. त्यांत सरनोबत मिळाले की सात. तिथून पुढे आकडा कडव्याकडव्यांतून फिरतो: धुळीचे सात मेघ, सात माना, सात उल्का, सात जीव, सात पक्षी. माणसं खानाच्या छावणीच्या गर्दीत दिसेनाशी होतात, पण आकडा त्या गर्दीवर तरंगत राहतो.

आगीचं कडवं बघण्यासारखं आहे. तिथे 'आग' हा एकच शब्द एका ओळीत तीनदा येतो आणि दिशा सांगतो: खाली, वर, बाजूंनी. टेनिसनच्या तोफाही अशाच दिशा मोजत आल्या होत्या. यात उसनवारी शोधण्याचं कारण नाही. वेढल्या गेलेल्या माणसाची नजर अशीच फिरते, आणि पुनरुक्ती ही त्या फिरणाऱ्या नजरेची नैसर्गिक भाषा आहे. फरक आहे तो ओळीच्या आत. टेनिसननं प्रत्येक दिशेला वेगळी ओळ दिली, त्यामुळे तोफा एकेक करून दिसतात. कुसुमाग्रजांनी तिन्ही दिशा एकाच ओळीत कोंबल्या, त्यामुळे बाहेर पडायला वाटच उरत नाही.

शेवटच्या कडव्यात मात्र कवीनं काहीतरी वेगळं केलं आहे. तिथे 'अजुनि' हा शब्द तीन ओळींत तीनदा येतो. दगड, ओढा, क्षितिज, तिथे काय काय अजून दिसतं त्याची ती नोंद. यमक पालुपदाचंच आहे, पण त्या कडव्याच्या चार ओळींत 'सात' हा आकडा नाही. इतकी कडवी सोबत केलेला आकडा नेमका इथे गळतो. वाचकाच्या लक्षात हे येतंच असं नाही. त्याला नुसती पोकळी जाणवते, आणि मग पालुपद येऊन ती भरून काढतं.

टेनिसनच्या कवितेवरचा आक्षेप इथेही लावून पाहायला हवा. सरनोबतानं फौज मागे ठेवून स्वतःला असं झोकून देणं लष्करी शहाणपणाचं होतं का? फौजेला नवा सरनोबत शोधावा लागला, हंबीरराव मोहिते त्या जागी आले, हा इतिहास आहे. कवितेचा ताल हा हिशेब करू देत नाही. पण कुसुमाग्रज टेनिसनपेक्षा एका बाबतीत मोकळे आहेत: ठपका कुणाचा, का आला, हे त्यांनी लपवलेलं नाही. कविता उघडते तीच त्या कठोर शब्दांनी. दौडीचं कारण आधी सांगून मग टापा सुरू होतात, म्हणून त्या टापांत शौर्याच्या बरोबरीनं अपमानाची ठसठसही ऐकू येते.

याच्याही आधी, मराठीत लढाईची कविता म्हणजे पोवाडा. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा आणि सिंहगडावरचा तुळशीदासाचा, हे दोन जुने पोवाडे प्रसिद्धच आहेत. त्यांत वृत्त शोधायला जाल तर हाती फारसं लागणार नाही. ओळ कधी चार शब्दांची, कधी चौदा. घोड्यांची, हत्यारांची, सरदारांची नावं सांगायची तर ओळ लांबणारच. कागदावर ती वेडीवाकडी दिसते, कारण तिचं वृत्त कागदावर नसतंच, ते डफावर असतं. शाहिरानं ओळ कितीही ताणली तरी थाप जिथे पडायची तिथेच पडते. मागे उभे झीलकरी 'जी जी रं जी' म्हणत सूर उचलतात, तेवढ्यात शाहीर श्वास घेतो आणि पुढची चकमक जुळवतो. पालुपदाचा हा रोकडा उपयोग. त्यामुळे ऐकणारा गडीही कथेत सामील होतो, आणि पोवाडा पुढे सरकताना मागचं विसरत नाही.

हे पोवाडे कागदावर आले त्यात एका इंग्रज अधिकाऱ्याचा हात होता. हॅरी आर्बथनॉट अॅक्वर्थ हे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. वडाळ्याच्या कुष्ठरोग्यांच्या इस्पितळाला त्यांचं नाव आहे. त्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साथीनं ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये प्रसिद्ध केला, आणि १८९४ मध्ये काही पोवाड्यांचं इंग्रजी पद्यरूपही छापलं. त्या इंग्रजीत ओळी सरळ झाल्या, यमकं नेटकी झाली. डफ मात्र गेला. मोकळ्या चालीवर सुचलेली ओळ ठरलेल्या मापात बसवली की तिच्यातली चकमक कवायतीसारखी दिसू लागते. अॅक्वर्थ यांच्या मेहनतीला हा दोष नाही. वाद्याचं काम शब्दांवर ढकललं की असंच होणार.

घोडा गेला आणि युद्ध पायी आलं, तेव्हा कवितेची चाल बदलली.

टेनिसनची टापांची भाषा पहिल्या महायुद्धाच्या आरंभीही चालू होती. इंग्लंडमध्ये जेसी पोप या बाई वर्तमानपत्रांतून तरण्याबांड पोरांना भरतीसाठी डिवचणारी पद्यं लिहीत. उड्या मारत जाणारा ताल, टाळीची यमकं, खेळाच्या मैदानावरची भाषा. विल्फ्रेड ओवेन हा तरुण कवी अधिकारी म्हणून १९१७ च्या जानेवारीत फ्रान्समध्ये ब्यूमाँ-हामेलच्या परिसरात खंदकांत होता. मनावर आघात झाल्यामुळे त्याला एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात पाठवलं. तिथून आईला लिहिलेल्या पत्रात त्यानं टेनिसनला एक मोठं मूल म्हटलंय आणि पुढे कबुली दिलीय की ब्यूमाँ-हामेल झालं नसतं तर आपणही तसेच राहिलो असतो. तिथेच त्याला सिगफ्रिड ससून हा कवी भेटला. ओवेनच्या हस्तलिखितांवर ससूनच्या अक्षरातल्या दुरुस्त्या आजही दिसतात.

'डुल्के एट डेकोरम एस्ट' ही विषारी वायूच्या हल्ल्यावरची त्याची कविता. तिच्या एका मसुद्यावर उपरोधानं जेसी पोप यांना अर्पणपत्रिका होती. या कवितेत यमकं नियमित आहेत. फक्त एका जागी, वायूत गुदमरून मरणाऱ्या सैनिकाच्या वर्णनापाशी, 'बुडणं' या अर्थाच्या शब्दाला यमक म्हणून तोच शब्द पुन्हा येतो. शाळेत अशा यमकाला गुण मिळाले नसते. पण रोज रात्री तेच स्वप्न पडणाऱ्या माणसाला दुसरा शब्द सुचणार कसा? नियम पाळता पाळता एका जागी तो मोडला, म्हणून ती जागा बोचते.

पुढच्याच वर्षी, 'स्ट्रेंज मीटिंग'मध्ये ओवेननं पूर्ण यमकच सोडलं. मराठीत उदाहरण द्यायचं तर 'वार' आणि 'वीर', 'ढाल' आणि 'ढील' अशा जोड्या घ्या: व्यंजनं तीच, स्वर निसटलेला. एडमंड ब्लंडन या त्याच्या चाहत्या कवीनं पुढे या प्रकाराला 'पॅरार्‍हाइम' असं नाव दिलं. कान यमकाची वाट पाहतो, ते येतंय असं वाटतं, आणि अगदी शेवटच्या क्षणी ते चुकतं. पुष्कळदा दुसऱ्या शब्दाचा स्वर पहिल्यापेक्षा खालच्या पट्टीतला असतो, त्यामुळे ओळ संपताना आवाज आपोआप उतरतो. कवितेत एक सैनिक पाताळासारख्या बोगद्यात शिरतो आणि तिथे त्याला भेटतो तो आदल्या दिवशी त्यानंच मारलेला शत्रू. जुळता जुळता न जुळणारे शब्द आणि मित्र होता होता राहिलेली ही दोन माणसं. इथे रचना आणि आशय वेगळे काढता येत नाहीत. ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्धबंदीच्या आठवडाभर आधी, ओवेन फ्रान्समध्ये कालवा ओलांडताना मारला गेला. तेव्हा तो २५ वर्षांचा होता.

आता किपलिंग. हा जन्मानं मुंबईकर. वडील जॉन लॉकवुड किपलिंग जे. जे. कलाशाळेत शिकवायचे आणि १८६५ साली रुडयार्डचा जन्म त्याच आवारात झाला. बोअर युद्धाच्या काळात तो दक्षिण आफ्रिकेत होता. १९०३ च्या 'द फाइव्ह नेशन्स' या संग्रहात त्याची 'बूट्स' ही कविता आली. विषय एवढाच: पायदळाची तुकडी आफ्रिकेतून चालत निघाली आहे आणि एक शिपाई पुढच्याच्या बुटांकडे पाहत चालतो आहे. शत्रू नाही, तोफ नाही, झेंडाही नाही.

अनेक ओळींची सुरुवात एका शब्दाच्या चौपट माऱ्यानं होते. बूट, बूट, बूट, बूट, मग पुढचे शब्द. कधी तो शब्द 'मोज' असतो, कधी 'नको'. हे चार शब्द सेकंदाला दोन या गतीनं म्हटले की इंग्रज पायदळाच्या कूचेचा वेग बरोबर मिळतो. म्हणजे ही कविता वाचताना वाचक कवायतच करत असतो. प्रत्येक कडव्याच्या शेवटी, युद्धातून सुटका नाही, अशा अर्थाचं बायबलच्या आधारावरचं पालुपद. शिपाई आधी मैल मोजतो, मग दुसरं काहीतरी आठवायचा प्रयत्न करतो, मग काडतुसं मोजतो. बूट हटत नाहीत. टेनिसननं आणि कुसुमाग्रजांनी आकडा वापरला तो माणसांना मोठं करण्यासाठी. इथे मोजणं हा वेड टाळण्याचा उपाय आहे आणि तोच निकामी ठरतो. साम्राज्याचा कवी म्हणून किपलिंगला नावं ठेवणाऱ्यांनी ही कविता एकदा मोठ्यानं म्हणून पाहावी. तो साम्राज्याचाच माणूस होता, पण कान शिपायाचा होता.

अमेरिकन नट टेलर होम्स यानं १९१५ साली ही कविता ध्वनिमुद्रित केली. सुरुवात शांत आहे, कडव्यागणिक आवाज चढत जातो आणि अखेरीला ती जवळजवळ किंकाळी होते. अमेरिकेच्या लष्करात शत्रूच्या कैदेत तग कसा धरायचा याचं 'सीअर' नावाचं प्रशिक्षण असतं. त्यात कैद्याची भूमिका करणाऱ्या सैनिकांना हे मुद्रण पुन्हा पुन्हा ऐकवून हैराण केलं जातं. शिपायाची घालमेल सांगण्यासाठी वापरलेली पुनरुक्ती अशा रीतीनं लष्कराच्या हत्यारांत जमा झाली, आणि तेही कवितेतला एक शब्द न बदलता. डिसेंबर २०२४ मध्ये डॅनी बॉइलच्या '२८ इयर्स लेटर' या भयपटाची झलक प्रसिद्ध झाली, तिच्यावरही होम्सचाच आवाज होता. विषाणूनं पिसाट झालेल्या माणसांच्या त्या दृश्यांचा आणि आफ्रिकेतल्या पायदळाचा अर्थाअर्थी काही संबंध नाही. तरी झलक पाहिलेल्यांत चर्चा झाली ती दृश्यांइतकीच त्या जुन्या आवाजाची, आणि पुष्कळांनी ही कविता कुणाची म्हणून शोध घेतला तो त्यानंतर.